आधी मेन खाली

नळाला पाणी पाच पस्तीसला आले. मुलुंडच्या त्या चाळीत मे महिन्यात ते जेमतेम पाऊण तास टिके, म्हणून दशरथ गावडे आधी पिण्याची कळशी भरी, मग पिंप, आणि शेवटी बादल्या. त्यानंतर उंबऱ्यात बसून तो कामाची पिशवी तपाशी : टेस्टर, पक्कड, दोन पेचकस, काळ्या टेपचे रीळ. वायरमनचे काम करू लागल्यापासून एकोणीस वर्षे हा क्रम मोडला नव्हता.

शेजारच्या खोलीतला अनंता नळापाशी दात घासत उभा होता. तो विजेच्या तारांवर काम करणारा लाइनमन.

"आज लवकर रे?" दशरथने विचारले.

"शटडाउन आहे. दहा ते दोन. ताम्हणे मास्तरांच्या बंगल्यासमोरचा खांब. दुपारपर्यंत उन्हात सुकट होणार माझी."

"मास्तरांकडे जनरेटर आहे," दशरथ म्हणाला.

"असू दे की. पण मास्तर उरलेत कुठे? जानेवारीत झटका आला त्यांना. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तुला ठाऊक नाय?"

"नाय."

"अरे, कळशी वाहतेय तुझी! वहिनी, याला आज कडक चहा द्या, अजून झोपेतच आहे."

"तुमचाही ठेवलाय," आतून सुगंधा म्हणाली, "आधी चूळ तर भरा."

अनंता हसला. दशरथला हसता आले नाही.

गेल्या उन्हाळ्यात रोज तीन-चार तास वीज जात होती. ज्यांना जमले त्यांनी रॉकेलवर चालणारे लहान जनरेटर घेतले. ते घराला जोडायचे तर मध्ये एका वेळी एकाच बाजूची वीज घेणारा चेंजओव्हर स्विच हवा. पण बाजारात तो महिना महिना मिळत नव्हता आणि लोकांना धीर नव्हता. तेव्हा दशरथने दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून दिली. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरे भिंतीतल्या कोणत्याही सॉकेटमध्ये; घर उजळे. मात्र त्याआधी घराचा मेन स्विच खाली केला नाही, तर तीच वीज उलट वाटेने खांबावर जाई, जिथे तार मेलेली आहे असे समजून कोणीतरी हात घालत असे. अशा वायरी त्याने सात घरांत दिल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी बजावले होते. ताम्हण्यांकडे यंत्र मास्तर स्वतः चालवत; तिथे तर बोर्डाच्या वर भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेही होते : 'आधी मेन खाली. मग प्लग.' धूर घरात येऊ नये म्हणून यंत्र मागच्या उघड्या पडवीत ठेवले होते. आपण काळजीने काम केले, याचे त्याला त्या दिवशी समाधान वाटले होते.

आत्ता अनंताला सांगायला हवे होते. ती वायर मी दिली, एवढे एकच वाक्य. ते ओठांपर्यंत आले आणि शरमेने परत गेले. भिंतीवर लिहिलेले आहे, असे स्वतःला समजावून तो चहा प्यायला.

साडेनऊला त्याने दुकान उघडले. दुरुस्तीला आलेला एक लाकडी स्विचबोर्ड भिंतीला टेकून ठेवला होता. त्याची धूळ पुसताना त्याचा हात थांबला.

दिवाळीपूर्वी ताम्हण्यांच्या घराला रंग दिला, तेव्हा बोर्ड त्यानेच उतरवला होता. रंग वाळल्यावर त्यानेच तो पुन्हा बसवला होता. नव्या भिंतीवर त्याच्या बोटांचे डाग पडले, तेही त्याने ओल्या फडक्याने पुसले होते. अक्षरे रंगाखाली गेली, हे त्याच्या ध्यानातही आले नव्हते.

खांद्याला पिशवी अडकवून, दुकानाचे दार नुसते ओढून घेऊन तो सायकलवर बसला. चढावर पाय भरून आले. आपल्याच छातीचे ठोके त्याला जनरेटरच्या आवाजासारखे ऐकू येत होते. मग गल्लीत वळल्यावर कळले, की तो आवाज जनरेटरचाच आहे.

अनंता खांबावर होता. कमरेला पट्टा, एक हात तारेकडे निघालेला.

"अनंता! हात मागे घे! तारेला शिवू नको!"

"काय रे, काय झालं?"

"हात मागे घे आधी!"

सायकल टाकून तो बंगल्यात शिरला. बोर्डापुढे उभा राहिला. मेन खाली होता. त्याने बोट लावून पाहिले, खालीच होता. मग तो तिथेच फरशीवर बसला.

"काय हो, गावडे?" मास्तरांच्या पत्नी वनमालाबाई घाबरून बाहेर आल्या. "बरं वाटत नाही का?"

"मेन कुणी बंद केला, बाई?"

"मीच. म्हणजे, मला कुठलं कळतंय? वीज गेली, यांना उकडायला लागलं. आमच्या कामवाल्या द्रौपदीनं ते यंत्र सुरू करायला दोरी हातात घेतली, तर हे डाव्या हाताने सारखे बोर्डाकडे दाखवायला लागले. पाणी विचारलं, देवाचा फोटो दाखवला. रडायला लागले हो! शेवटी जे दिसलं ते बटण खाली केलं, तेव्हा शांत झाले."

पलंगावर ताम्हणे मास्तर पडून होते. डावा हात अजून चादरीवर उघडा होता. ते दशरथकडे पाहत होते.

"मास्तर," दशरथ म्हणाला, आणि मागच्या पडवीत गेला.

त्याने जनरेटर बंद केला. वायर काढून पकडीने दोन्ही प्लग तोडले.

"अहो, मग यांचा पंखा?"

"तासाभरात स्विच आणतो, बाई. दुसऱ्या कामासाठी ठेवलेला चेंजओव्हर दुकानात आहे, तो बसवतो. मग घरात वीज खांबावरून तरी येईल, नाहीतर जनरेटरवरून तरी. दोन्ही एकदम जोडताच येणार नाहीत. कुणी काही लक्षात ठेवायला नको."

द्रौपदी विणलेला पंखा घेऊन मास्तरांच्या उशाशी बसली.

फाटकाशी अनंता खाली उतरून हसत उभा होता. दशरथने तोडलेली वायर त्याच्या हातात दिली. अनंताने ती उलटसुलट पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू गेले.

"आम्ही तारांना साखळी टाकून जमिनीला जोडतो, मगच काम करतो," तो म्हणाला.

"आणि साखळी टाकायच्या आधी?"

अनंताने वायरीचे तोडलेले टोक बोटाने चाचपले. मग म्हणाला, "सकाळी नळावर तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"किती दिल्यास असल्या?"

"सात."

अनंताने वायर परत दिली आणि पट्टा आवळला. "मी वर चाललो," एवढेच तो म्हणाला.

चेंजओव्हर बसवायला साडेबारा झाले. दशरथने खटका दोनदा वर-खाली करून पाहिला आणि वनमालाबाईंकडूनही करवून घेतला. जनरेटर सुरू झाल्यावर पंखा फिरू लागला. मास्तरांनी डोळे मिटले.

अनंता अजून खांबावरच होता. त्याच्याकडे न पाहता दशरथ सायकल हातात धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला. तिथे सातांपैकी दुसरे घर होते. त्यांच्यासाठी त्याच्याजवळ स्विच नव्हता. आपण दिलेली वस्तू चुकीची होती, हे सांगून ती परत मागायची होती, आणि हे धरून अशी सहा दारे होती. त्याने सवयीने दाराजवळच्या बेलचे बटण दाबले. दोन वाजेपर्यंत वीज येणार नव्हती.

त्याने पिशवी खाली ठेवली आणि कडी वाजवली.