जठे लिखं, तठेच

रमजानच्या महिन्यात रोज संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं गुलाब पिंजारीला आपण धुळ्याचे कलेक्टर असल्यासारखं वाटे. रतिलालभाऊंच्या केबलच्या खोलीत तो कॉम्प्युटरवर पट्टी लिहायचा. पट्टी म्हणजे टीव्हीच्या तळाशी उजवीकडून डावीकडे सरकत जाणारी अक्षरं. नळाला पाणी किती वाजता, कोणाचं पोर हरवलं, कोणाची अंत्ययात्रा कुठून निघणार, हे सगळं गावाला त्याच्या बोटांतून कळे. रमजानात त्यात इफ्तारची वेळ असायची. मशिदीचा सायरन ज्या गल्ल्यांत पोचत नसे तिथे माणसं पुढ्यात खजूर ठेवून पट्टीकडे डोळे लावून बसत. वेळ झाल्याशिवाय कोणी तोंडात काही घालत नसे आणि वेळ झाली हे गुलाब सांगायचा.

पट्टीखाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं. गुलाब केबलच्या खोलीत कामाला आहे एवढंच घरी ठाऊक होतं. गुलाबला आधी त्याचं वाईट वाटायचं, मग त्यात मजा वाटू लागली. बोलायचं सगळ्या गावाशी आणि चेहरा कोणाला दाखवायचा नाही, यासारखं सुख नाही. माणूस देवळात, मशिदीत नीट वागतो कारण तिथे लोक बघतात. बंद खोलीत कीबोर्डासमोर कोण बघतंय? दोन्ही खांद्यांवर एकेक फरिश्ता बसून माणसाचं बरंवाईट लिहून घेतो, हे गुलाब लहानपणी शिकला होता. पण ते फरिश्ते कॉम्प्युटरवरचंही टिपून घेत असतील हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या चोविसाव्या रोज्याची. दुपारची नमाज होती. मशिदीच्या हौदावर वुजू करताना शेजारचा एक माणूस पाय धुता धुता म्हणाला की पांझरेच्या पुलाजवळ लिलाबाईचं शेवयांचं मशीन आहे ना, तिथे जाळीला डुकराची चरबी चोपडतात, म्हणूनच शेवया इतक्या सुळसुळीत निघतात. त्याच्या मेहुण्यानं म्हणे पिवळा डबा पाहिला होता. गुलाबच्या अंगावर काटा आला. अर्ध्या धुळ्यातल्या मुसलमान घरांच्या ईदच्या शेवया त्या मशीनवर निघत. त्याच्या स्वतःच्या घरच्याही. लिलाबाई बौद्धवाड्यातली, नवऱ्यामागे एकटीनं मशीन चालवणारी. तिनं असं करावं याचा त्याला संताप आला. संतापाला श्रद्धेचं वस्त्र मिळालं की माणूस विचार करायचा थांबतो, तसंच झालं.

हा माणूस कोण, त्याचा मेहुणा कोण, डब्यात काय, यातलं काहीही विचारायला गुलाब थांबला नाही. संध्याकाळी सव्वासहाला, जेव्हा गाव पट्टीकडे बघत होतं, तेव्हा इफ्तारच्या वेळेच्या पुढे त्यानं लिहिलं: ‘मुस्लिम बांधवांना सूचना. पांझरा पुलाजवळील लिलाबाई यांच्या शेवया मशीनला हराम चरबी लावली जाते. ईदच्या शेवया तेथून घेऊ नयेत.’ पट्टी सरकू लागली. एकदा, दोनदा, दहादा. गुलाबनं खजूर तोंडात घातला आणि आज आपण मोठं सवाबाचं, पुण्याचं काम केलं असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

घरी आला तर आई, हुरबी, भिंतीला टेकून बसलेली. पुढ्यात भजी तशीच. हुरबी मूळची साक्रीकडची, धुळ्यात तीस वर्षं काढली तरी घरात तिची जीभ अहिराणीच. ती म्हणाली, गल्लीतल्या बायका मघाशी धावत लिलाबाईकडे गेल्या. आपापल्या शेवयांच्या काठ्यांवरच्या चिठ्ठ्या तोडून आल्या आणि शेवया तिथेच टाकून आल्या. त्या चिठ्ठ्यांवर घरोघरची नावं असायची. लिलाबाईकडे शेवया वाळायला आडव्या काठ्यांवर टाकतात आणि कुठली काठी कोणाची हे कळावं म्हणून दोऱ्यानं चिठ्ठी बांधतात. आता आपलं नाव तिथे दिसू नये म्हणून प्रत्येकीनं ते फाडून आणलं होतं.

“कोनी लिखं ते माले माहीत नही,” हुरबी म्हणाली. “पन ज्यानी लिखं त्यानी जलममा कधी पीठना डबा उचला नही.”

गुलाबनं विचारलं, म्हणजे काय.

“वीस वरीस व्हयनात, मी तठे जास. जाळीले लावाले तेल कोन ली जास? आम्हीच. प्रत्येक बाई तिन्हा घरथून वाटीभर तेल ली जास. लिलाबाई आम्हना देखता तीच वाटी वापरस. दुसरं काहीच लावत नही. तिन्हाच नेम शे तो, मुसलमाननं पीठ तर मुसलमाननं तेल.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. दर ईदला वाडगं भरून शिरखुर्मा चापणाऱ्या गुलाबला त्या शेवयांचं तेल आपल्याच घरातून, आपल्याच आईच्या हातून जातं हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला कधीतरी डबा उचलून तिच्या मागे जावं लागलं असतं. मोहल्ल्यातल्या एकाही पुरुषानं ते केलं नव्हतं, म्हणून पट्टी वाचून एकालाही तिच्या खरेपणाची शंका आली नव्हती. हुरबीनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग आपणच लिहिलं हे त्याला सांगावंच लागलं. ती रागावली नाही. तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि गुलाबला ते रागापेक्षा कितीतरी वाईट लागलं.

सकाळी तो पुलाजवळ गेला. गल्लीच्या या टोकाला मोहल्ल्यातली दहाबारा पोरं, त्या टोकाला बौद्धवाड्यातली तेवढीच, आणि मध्ये एक पोलीस काठी टेकून उभा. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या ओळखीची होती, एकत्र कबड्डी खेळलेली होती, आणि आज कोणी कोणाकडे बघत नव्हतं. एक दगड भिरकावला गेला असता तर पुढचं सगळं आपोआप झालं असतं.

लिलाबाईच्या अंगणात शेवयांच्या काठ्या रांगेनं टांगलेल्या होत्या, बिनानावाच्या. वाळून कडक झालेल्या त्या पांढऱ्या शेवया वाऱ्यानं खुळखुळत होत्या. चाळीसेक काठ्यांमध्ये एकाच काठीला चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं, हुरबी. त्याच्या आईनं आपलं नाव काढलं नव्हतं.

मशीनच्या मोटरीशेजारी पिवळ्या ग्रीसचा डबा होता. फिरणाऱ्या दांड्याला लावायचं साधं ग्रीस, कुठल्याही गॅरेजात मिळतं तसं. जाळीपासून हातभर लांब. वुजूवाल्याच्या मेहुण्यानं पाहिलेली चरबी ती हीच. गुलाबनं डबा उचलून वास घेतला आणि परत जागेवर ठेवला.

तिथे तोंड उघडायचा धीर त्याला झाला नाही. तो मशिदीतल्या हाफिजसाहेबांकडे गेला. मनात असं होतं की ते तौबा करायला सांगतील, काही जादाच्या नफल नमाजा सांगतील आणि विषय मिटेल. हाफिजसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं की सांगणाऱ्याचं नाव काय. गुलाबला नाव सांगता येईना. खबर आणणाऱ्याची खबर आधी घ्यायची असते, हे तुला मी लहानपणी मक्तबमध्ये शिकवलं होतं, ते म्हणाले. मग आवाज जरा मऊ करून म्हणाले की अल्लाहचं जे देणं आहे ते अल्लाह माफ करेल, तो मोठा दयाळू आहे. पण माणसाचं देणं अल्लाहसुद्धा त्या माणसाला विचारल्याशिवाय माफ करत नाही. ते देणं लिलाबाईचं आहे, जा तिच्याकडे.

गुलाबनं विचारलं, चारचौघांत जावं लागेल का. हाफिजसाहेब म्हणाले, तू तिची बदनामी चारचौघांतच केलीस ना.

तो पुन्हा पुलाजवळ गेला तेव्हा दुपार टळली होती. पोरांचे दोन्ही घोळके वाढले होते. लिलाबाई पन्नाशीची, काटक बाई, मशीनच्या बाकावर पाय सोडून बसली होती. गुलाबनं आपण हुरबीचा मुलगा असल्याचं सांगितलं, आणि मग बाकीचं सांगितलं. सांगताना तो तिच्या पायांकडे बघत होता. तिच्या पायांना पीठ लागलेलं होतं. माफी मागायला आलो आहे, असं तो शेवटी म्हणाला.

लिलाबाई हसली, पण ते हसू गोड नव्हतं. ती म्हणाली की तिच्या आज्यानं गावाच्या विहिरीला कधी हात लावला नाही, कारण लोक म्हणत याच्या हातानं पाणी बाटतं. तिनं मशीन घेतलं, मुसलमान बायका तिच्या हातच्या शेवया ईदला करू लागल्या, तेव्हा तिला वाटलं होतं की तो काळ संपला. काल संध्याकाळी तिच्या टीव्हीवर तो परत आला. आणि मग ती जे म्हणाली ते गुलाबला जन्मभर पुरलं.

“आठे नको मांगू माफी. आठे कोन ऐकस? जठे लिखं, तठेच लिख. मन्हं नाव बठ्ठासनी वाचं, तुन्हं कोनीच नही वाचं. तुन्हं नाव टाकीसन लिख.”

केबलच्या खोलीत रतिलालभाऊ वाटच बघत होते. त्यांना दिवसभरात तीन फोन येऊन गेले होते. त्यांचं म्हणणं अगदी व्यवहाराचं होतं. पट्टी काढली, झालं. आता काही लिहायचं नाही. चार दिवसांत लोक विसरतात, सुंठीवाचून खोकला जातो. फारच वाटत असेल तर ‘गैरसमजाबद्दल दिलगीर’ एवढं टाक, कोणाचं नाव नको, ना तिचं ना तुझं. नाव टाकलंस तर मोहल्ला म्हणेल हा फुटला, आणि बौद्धवाडा म्हणेल अच्छा, हाच तो. दोन्हीकडून मार तू खाशील आणि छतावरची माझी डिश फुटेल.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. गुलाबला ते ठाऊक होतं. आणि भीतीही वाटत होती, नाही म्हणायचं कारण नाही. त्याच्या बहिणीच्या लग्नाची बोलणी पाचोऱ्याला चालली होती. चार-पाच दिवसांनी ईदगाहच्या रांगेत कोण शेजारी उभा राहील, कोण नाही, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. दिवसभर उपाशी असलेलं गाव पट्टीसमोर बसायला लागलं असेल. याच वेळी त्यानं काल लिहिलं होतं, म्हणून याच वेळी लिहायला हवं होतं. उद्या सकाळी लिहिलं तर निम्मी माणसं वाचणार नाहीत.

“रतिलालभाऊ, काल मी नाव टाकलं असतं तर लिहिण्याआधी दहादा विचार केला असता,” तो म्हणाला. “नाव नव्हतं म्हणूनच लिहिलं.”

रतिलालभाऊ म्हणाले, लिहिणार असशील तर उद्यापासून येऊ नकोस. गुलाबनं बरं म्हणून मान हलवली आणि खुर्चीत बसला. अक्षरं चुकत होती, पुसून पुन्हा लिहावी लागत होती. रतिलालभाऊंचा हात बटणाजवळ होता, त्यांनी मनात आणलं असतं तर सगळं एका झटक्यात बंद केलं असतं. ते उभे राहिले, वाचत राहिले, आणि का कोण जाणे, त्यांनी हात मागे घेतला.

‘काल लिलाबाई यांच्या शेवया मशीनबद्दल जे लिहिले ते खोटे होते. मी डोळ्यांनी पाहिले नव्हते, कोणाला विचारले नव्हते. जाळीला आपल्याच घरचे तेल लागते, आपापल्या आईला विचारावे. लिहिणारा गुलाब नबी पिंजारी. लिलाबाईंची माफी मागतो. इफ्तार सहा वाजून सत्तावीस मिनिटे.’

त्यानं ते वीसदा सरकू दिलं. स्वतःचं नाव पडद्यावर उजवीकडून येताना आणि डावीकडे जाताना त्याला प्रत्येक वेळी नागडं झाल्यासारखं वाटलं. रोजा सोडायला खजूर होता, तो त्यानं विसावी फेरी संपल्यावरच तोंडात घातला.

जाताना गल्लीत कोणी दगड मारला नाही. मशिदीच्या पायरीवर एक ओळखीचा माणूस थुंकला आणि तोंड फिरवून गेला. पुलाजवळचे दोन्ही घोळके मात्र पांगले होते, पोलीस चहा पीत होता. गुलाबनं दोन्ही टोकांना पाहिलं आणि मग कुठे तो घराकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुरबीनं पीठ भिजवलं, डबा झाकला, तेलाची वाटी वर ठेवली आणि दोन्ही त्याच्या हातात दिलं. सत्तावीस वर्षांचा घोडा पहिल्यांदा पिठाचा डबा घेऊन निघाला. अख्खी गल्ली उंबऱ्यात उभी राहून बघत होती. कोणी हसलं, कोणी कुजबुजलं. वाटीतलं तेल सांडू नये म्हणून तो हळू चालत होता, त्यामुळे ती गल्ली त्याला सोनगीरच्या किल्ल्याच्या चढाएवढी लांब वाटली.

लिलाबाईच्या अंगणात दुसरं कोणी नव्हतं. तिनं डबा घेतला, पीठ चेपून पाहिलं, वाटी बाजूला ठेवली आणि फडकं त्याच्या पुढे केलं. तेल तूच लाव, ती म्हणाली. गुलाबला कसं लावायचं ते येईना. तिनं एकदा दाखवलं, मग तो लावू लागला. मशीन सुरू झालं, जाळीतून शेवया उतरू लागल्या, तिनं त्या काठीवर अलगद घेतल्या.

“माफ करं का, माय?” त्यानं विचारलं.

“रांग लागू दे,” लिलाबाई म्हणाली. “मंग देखसू.”

तिनं बाकाखालून कागदाचा कपटा काढला, पेन्सिल काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. चिठ्ठी नेहमी तीच लिहायची, निदान बायका तसं सांगत. आज तिनं लिहिली नाही. गुलाबनं पेन्सिल घेतली. केबलवर दोन दिवस सगळ्या गावासाठी लिहिताना लागला नव्हता इतका वेळ त्याला त्या तीन शब्दांना लागला. गुलाब नबी पिंजारी. त्यानं दोऱ्यानं चिठ्ठी काठीला बांधली आणि काठी रस्त्याच्या बाजूला, हुरबीच्या काठीशेजारी टांगली.

कोपऱ्यावर बुरख्यातली एक बाई हातात झाकलेला डबा आणि तेलाची वाटी घेऊन उभी होती. ती किती वेळची उभी होती कोणास ठाऊक. तिनं त्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं, इकडेतिकडे पाहिलं आणि अंगणाच्या दिशेनं चालू लागली. लिलाबाईनं फडकं पुन्हा गुलाबच्या हातात दिलं.