झाकलेली भांडी

वेंडेलने छातीवरचा नावाचा बिल्ला काढला आणि पँटच्या खिशात टाकला. नाव पुकारलं की काढून द्यायला वेळ नको. समोरच्या भिंतीवर लहानमोठ्या सगळ्या टीव्हींवर एकच निळा मासा पोहत होता, आणि छतातल्या कर्ण्यातून मॅनेजर कर्टिस एकेकाला मागच्या खोलीत बोलावत होता. आधी कॅमेऱ्यांचा रॉय गेला. मग गाड्यांमध्ये स्टिरिओ बसवणारा थोरला अर्न्स्ट. जो जाई तो दुकानात परतत नव्हता. मागच्या दाराने त्याला थेट आवारात, त्याच्या गाडीपाशी सोडत होते. दुकान उघडायचं होतं अजून.

"डोरीन, मागे येतेस का?" कर्णा म्हणाला.

डोरीन फ्रिज आणि धुलाईयंत्रं विकायची. नवरा गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. ती वेंडेलसमोरून जाताना थांबली.

"माझ्या फ्रिजांची दारं बंद आहेत ना बघ. नवी पोरं उघडी टाकतात."

"बघतो."

तिने त्याच्या रिकाम्या छातीकडे पाहिलं, मान हलवली आणि गेली. आता आपणच, असं वेंडेलने मनाशी धरलं. सतरा वर्षं तो या भिंतीसमोर उभा होता. दुकानात त्याच्याहून जुनं कोणी असेल तर ते बाहेरचं पार्किंग. तो हात पाठीमागे बांधून उभा राहिला. कर्ण्यातून मात्र पुढे काही आलं नाही. थोड्या वेळाने कर्टिस स्वतःच बाहेर आला आणि दारं उघडा म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"माझं नाव राहिलं," वेंडेल त्याच्याजवळ जाऊन म्हणाला.

"राहिलं नाही. तुमचं नाव नाहीच आहे."

"सतरा वर्षं झाली मला, कर्टिस."

"वर्षं नाही बघितली त्यांनी. तासाचा पगार बघितला. एका आकड्याच्या वरचे सगळे गेले. आज आपल्या मॅन्सफील्डमध्येच नाही, कंपनीच्या सगळ्या दुकानांतून." कर्टिस बुटांकडे बघत होता. "तुम्ही त्या आकड्याच्या बरेच खाली आहात, वेंडेल. सुटलात म्हणा."

शेजारी दोन नवी पोरं टीव्ही पुसत होती. त्यांची फडकी हातातच थांबली.

वेंडेलला आधी हायसं वाटलं, हे खोटं कशाला सांगा. घराचा हप्ता होता, आर्लीनच्या गुडघ्याचं औषध होतं. पण ते हायसं वाटणं भिंतीपर्यंत चालत जाईतोच विरलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. वेंडेलने ती चार वर्षं झाकून ठेवली होती. त्या वर्षी कंपनीने विक्रीवरचा वाटा बंद केला आणि ज्याने त्याने आपापली पगारवाढ मागून घ्यावी असं ठरलं. डोरीनने मागितली, रॉयने मागितली. वेंडेलही मॅनेजरच्या खोलीत गेला होता. तिथे बसून हवापाण्याबद्दल, गावच्या फुटबॉलबद्दल बोलला, आणि मागायचं ते न मागता उठून आला. मागणं हा प्रकार त्याला कधी जमलाच नव्हता. आर्लीनलासुद्धा लग्नाचं तिनेच विचारलं होतं. त्या संध्याकाळी ती दारातच उभी होती.

"मिळाली?"

तिचा चेहरा बघून तो म्हणाला, "मिळाली."

पुढच्या रविवारी तिने चर्चमध्ये केक वाटला. तो केक घशाखाली उतरता उतरेना. मग वाढीची भरपाई कुठून तरी करणं आलं. दर गुरुवारी दुकानात मालाची मोजदाद असते असं सांगून वेंडेल चर्चमधल्या ऑल्माबाईंच्या गल्लीत जायला लागला. तिथली सगळी घरं म्हाताऱ्यांची. कुणाचा अँटेना फिरलेला, कुणाला रिमोट कळत नाही, कुणाचा टीव्ही नुसताच मुका झालेला. तो दुरुस्त करून द्यायचा, ते दहा-वीस डॉलर हातावर ठेवायचे. ते पैसे पगारात मिसळले की आकडा बरोबर बसायचा.

फ्रिजांची दारं बघायला तो मागे गेला, तेव्हा आवारात डोरीन गाडीच्या मागच्या सीटवर खोकं ठेवत होती. खोक्यात कॉफीचा कप, दिवसभर उभं राहायला घालायचे जाड तळाचे बूट आणि फ्रिजांवर लावायची तिची रंगीत चुंबकं होती. तो बाहेर गेला. मार्च संपत आला होता तरी वारा बोचत होता.

"दहा आठवड्यांनी परत अर्ज करा म्हणाले," डोरीन म्हणाली. "नव्या पोरांच्या पगारावर. हे सांगताना कर्टिसच रडायला लागला. मलाच त्याला रुमाल द्यावा लागला, आहेस कुठे!" ती हसली आणि ते हसू तिला पुरं करता आलं नाही. "तुला काय म्हणाले?"

"मला बोलावलंच नाही."

तिने गाडीचं दार अर्ध्यावर धरून ठेवलं.

"पण तुला तर त्या वर्षी... आर्लीनने केक वाटला होता."

वेंडेल डांबरावरच्या पिवळ्या पट्ट्याकडे बघत राहिला.

"अरे गाढवा," डोरीन हळूच म्हणाली. मग दार लावून तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. "माझ्या तोंडून कुठे जायचं नाही. जा आत, कोट नाही अंगात तुझ्या."

दुपारी गावच्या वाहिनीवर बातमी आली. ती वेंडेलने सगळ्या टीव्हींवर एकदमच पाहिली. त्याचंच दुकान, बाहेरून, लहानमोठ्या चौकटींत. आवाज बंद होता, पण खाली अक्षरं सरकत होती: तोटा भरून काढण्यासाठी जास्त पगाराच्या, अनुभवी कर्मचाऱ्यांना कंपनीचा निरोप. ही बातमी आर्लीनच्या कानी आत्तापर्यंत गेली असणार. एकदा त्याने दुकानातला फोन उचलला आणि घरचा नंबर न फिरवताच खाली ठेवला.

संध्याकाळी तो आपल्या गल्लीच्या तोंडाशी आला तर घरासमोर गाड्या उभ्या होत्या. त्याची आई गेली त्या वेळी उभ्या होत्या तशा. मग त्याच्या ध्यानात आलं. चर्चच्या बायकांची फोनची साखळी होती. कुणावर काही ओढवलं की एक बाई दुसरीला कळवते, दुसरी तिसरीला, आणि प्रार्थना सुरू व्हायच्या आत ओव्हन सुरू होतात. दुःखाच्या घरी चूल पेटू द्यायची नाही ही त्यांचीही रीत. बातमी ऐकून सगळ्यांनी सरळ हिशेब केला होता: सगळ्यांत जुना वेंडेल, वाढ मिळालेला वेंडेल, म्हणजे पहिला गेला असणार वेंडेल.

त्याने गाडी कोपऱ्यावर थांबवली. दुकानाचा लाल शर्ट काढून त्याचा बोळा केला, मागच्या डिकीत टाकला आणि तिथेच पडलेला जुना स्वेटर अंगात अडकवला. असं का केलं, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

स्वयंपाकघरातलं टेबल झाकलेल्या भांड्यांनी भरून गेलं होतं. चीज घातलेले बटाटे, कोंबडी आणि भात, टूना आणि नूडल्स. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. आर्लीन त्या सगळ्यांमध्ये उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, स्वेटरकडे पाहिलं.

"आलास," ती म्हणाली. बाकी काही विचारलं नाही.

शेजारचा हार्लन पुढे झाला आणि त्याने वेंडेलचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुझा पगार त्यांना जड झाला, यातच सगळं आलं. नालायकांना ठेवलं आणि कामाच्या माणसाला काढलं. ताठ मानेने राहा."

तोंड उघडायची वेळ हीच होती. वेंडेलला ते कळतही होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण सतरा वर्षांत त्याला कामाचा माणूस असं कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं, आणि ते ऐकून त्याची मान खाली गेली. खाली गेलेल्या मानेचा जो अर्थ लोकांनी घ्यायचा तोच घेतला.

"डोरीनचं काय झालं रे?" पाद्रीसाहेबांच्या बायकोने विचारलं. आणि तिनेच उत्तर दिलं, "तिची नोकरी नाही जायची. बाईमाणसाला फ्रिज विकून असा कितीसा पगार असणार! एका अर्थी बरंच झालं बिचारीचं."

वेंडेल खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. आवारातला तो हात त्याला दंडावर जाणवला. त्याने ओठ ओले केले. टेबलावरची वाफ चढत राहिली आणि बोलणं गुडघेदुखीकडे वळलं.

सगळ्यांत शेवटी ऑल्माबाई आल्या. काठी टेकत, एका हातात काचेचं भांडं छातीशी धरून. गोड बीन्स होते. त्यांना बघताच वेंडेलचा चेहरा पडला.

"अरे वेंडेल, माझ्या राजा," त्यांनी त्याचा गाल थोपटला. "मी म्हटलं, आता गुरुवारी तू..."

"बसा ना, ऑल्माबाई," आर्लीन मध्येच म्हणाली आणि भांडं त्यांच्या हातातून घेतलं. "कॉफी ओतते. दूध घालता ना तुम्ही?"

ऑल्माबाई बसल्या आणि दुधाच्या नादात गुरुवार विसरल्या. वेंडेलचा जीव भांड्यात पडला. थोडक्यात वाचलो, असं त्याला वाटलं, आणि ते वाटलं याचीच लाज वाटली.

मंडळी गेल्यावर दोघं जेवायला बसली. कुठलं भांडं उघडावं हे कुणालाच सुचेना, म्हणून आर्लीनने प्रत्येकातलं चमचा चमचा वाढलं. वेंडेलने दोनदा सुरुवात केली.

"आर्लीन, आज दुकानात..."

"जेव आधी," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा तो नुसता तिचं नाव घेऊन थांबला. तिने वाट पाहिली. मग उठून ताटं उचलली.

रात्रभर तो कूस बदलत होता. सकाळी काम शोधायला जातो म्हणून निघायचं, वाटेत गाडी थांबवून शर्ट चढवायचा, संध्याकाळी पुन्हा स्वेटर. किती दिवस? चार वर्षं एक खोटं वाहिलं होतं. आता त्याच्या डोक्यावर दुसरं. आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला डोरीन. तिच्या दारात कुणाची गाडी थांबली नसेल. तिच्या वाटचं सांत्वन आपल्या टेबलावर मांडलंय, हे अंधारातसुद्धा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

पहाटे केव्हातरी डोळा लागला. उठून स्वयंपाकघरात आला तर खुर्चीच्या पाठीवर लाल शर्ट होता. इस्त्री केलेला, बाह्यांची घडी धारेसारखी. छातीवर त्याच्या पँटच्या खिशातला बिल्ला लावलेला होता.

वेंडेल दारातच थांबला.

"डिकीत चुरगळून गेला होता," आर्लीन त्याच्याकडे न बघता म्हणाली. ती डबा भरत होती. बटाटे, कोंबडी, वर एक सफरचंद, रोजचाच डबा.

त्याने शर्ट अंगात घातला. बटणं लावली. ती जवळ आली आणि तिने मागून कॉलर सारखी केली. तिचा हात मानेवर जरा जास्त वेळ राहिला.

"आर्लीन, मी तुला..."

"उशीर होईल." तिने टेबलावरची दोन भांडी पुढे सरकवली. अन्न त्यांच्या घरच्या भांड्यांत काढलेलं होतं. बुडाला नवी चिकटपट्टी, तिच्या अक्षरात दोघांची नावं. "हे जाताना डोरीनकडे दे. तिला त्या वर्षी वाढ मिळाली होती; तिच्याकडे कोणी गेलं नसेल. संध्याकाळी मी जाऊन बसते तिच्यापाशी. बाकीच्यांना फोन मी करते."

त्याने मान हलवली. कोट घेतला आणि खिडकीतून पाहिलं. समोर हार्लन गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. वेंडेलने एक बाही घातली होती, ती काढली. लाल शर्ट उघडाच ठेवून कोट हातावर टाकला, भांडी उचलली आणि कोपराने दार ढकललं.

"वेंडेल," आर्लीन मागून म्हणाली. ती सिंकपाशी उभी राहून काचेचं एक भांडं पुसत होती. "गुरुवारी मोजदादीला जाशील ना, तेव्हा ऑल्माबाईंचं हे भांडं तेवढं परत ने."