डावीकडचा तांब्या

बोलतोय तो मी, पितळेचा, फिरकीच्या झाकणाचा तांब्या. अंगावर पोचे आहेत, पण गळत नाही. एक्क्याण्णव साली कुंदाच्या लग्नात तिच्या आईनं पिंप्राळ्याहून मला तिच्यासोबत धाडलं, आणि आम्ही दोघं एकदमच सोनगीरला नांदायला आलो.

कुंदा बोलायला कमी, बघायला जास्त. तिच्या सासूबाई मंजुळाबाई नेमक्या उलट. ओसरीवर, घरातून बाहेर पडताना दाराच्या डाव्या अंगाला माझी जागा. मंजुळाबाई जाताना मला लाथाडायच्या आणि वर बोल लावायच्या आम्हालाच. जेवताना, चटणी वाढलीच नाही म्हणून सुनेला टोमणा. चटणी तर ताटात डावीकडे, जिथं असते तिथंच असायची. माहेरचा तांब्या पायात येतो नि माहेरची लेक चटणी विसरते, हे गल्लीभर झालं.

कुंदानं मला उचलून उजवीकडे ठेवलं. लाथ बसेना. पुन्हा डावीकडे ठेवलं, तर दुसऱ्या सकाळीच मी अंगणात. माझ्या ताज्या पोच्यावर तिनं बोट फिरवलं. मग नवऱ्याला, कौतिकला, म्हणाली की आईंना कडेचं दिसत नाही. तो हसला. आई अजून सुईत दोरा ओवते, म्हणाला. कुंदानं त्याला ओसरीवर बसवलं आणि मला डावीकडे ठेवून दाखवलं. एक पोचा त्या दिवशीचा. त्याचं हसू मात्र गेलं.

मंजुळाबाईंचं म्हणणं साधं होतं, सगळं दिसतंय, असलाच तर मोतीबिंदू असेल. "माले बठ्ठं दिसस. मोतीबिंदू व्हई. पिकू द्या, मंग काढसूत."

तरी कौतिकनं आणि कुंदानं त्यांना धुळ्याला नेलंच, काचबिंदूच्या खास डॉक्टरीणबाईंकडे. वाटेत पाण्यासाठी मी होतोच. बाईंनी डोळ्यांचा दाब मोजला, मग समोर बसून म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे बघा. कडेला बोट हललं की सांगा."

बोट हलत राहिलं. मंजुळाबाई वाट बघत राहिल्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "तुमी बोट कवय हालावशात?"

बोट कधीपासून हलतंय, हे पाहणाऱ्या कुंदानं मला घट्ट धरलं.

बाईंनी नीट समजावलं, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं. त्याचा निचरा तुंबला की दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. मोतीबिंदू काढला की पुन्हा दिसतं, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. हा पिकायची वाट बघाल तर नुसता अंधार. म्हणून थेंब सकाळ-संध्याकाळ, आणि तेही कायमचे. दाब उतरला नाहीच, तर शस्त्रक्रिया करून पाण्याला वाट काढून द्यायची. हा आजार रक्ताच्या नात्यात येऊ शकतो, तेव्हा मुलानंही डोळे दाखवावेत.

थोडे दिवस थेंब पडले. मग मंजुळाबाईंनी डोळे मिटून घेतले. औषध झोंबतं, आणि दिसायला तर काहीच वाढलं नाही, मग कशाला?

कुंदा बाटली घेऊन समोर बसली. लग्न झाल्यापासून सासूशी एवढं लांब वाक्य ती बोलली नव्हती. "आई, शेतातली वाहून गेलेली माती कुणाला परत आणता येत नाही. पण राहिलेली तरी राहू द्या."

मंजुळाबाई म्हणजे जन्म शेतात गेलेली बाई. "म्हंजे हाऊ बांध शे," बाटलीकडे बघत म्हणाल्या, आणि मान मागे टाकली. "टाक."

पुढच्या तपासणीत दाब उतरलेला निघाला. नजर होती तेवढीच होती. होती तेवढीच आहे म्हणून घरात शिरा झाला, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता मंजुळाबाई कोंबडीसारखी मान वळवून आधी मला शोधतात. कधी चुकतात, मग मी खणखणतो. माझी एवढीच विनंती आहे की तुमच्या घरात कुणी सारखं भांड्यांना अडखळत असेल, तर भांड्याला बोल लावण्याआधी त्या माणसाचे डोळे दाखवा.

सध्या मी धुळ्याच्या एसटीत, मंजुळाबाईंच्या मांडीवर आहे. शेजारी कौतिक. आज शेतात पाणी भरायचं, उद्या पाहुणे येणार, असं करत त्यानं डोळे दाखवणं वर्षभर टाळलं. आताही सांगतोय, माझे डोळे ठणठणीत आहेत, पुढच्या फाट्यावर उतरतो.

मंजुळाबाईंनी त्याचा सदरा धरला आहे. "ते डाक्टर सांगी," म्हणाल्या. "तू बस."