सातूची परडी

"सुरी नेहमी सातूखाली ठेवायची, सूनबाई. मेंढ्याला ती दिसता कामा नये. भ्यालेल्या जिवाचा बळी देवाला चालत नाही. आणि मूठ समोरच्याकडे, बळी देणाऱ्याकडे. आपण नुसती परडी धरणाऱ्या."

सासूबाईंना जाऊन अठरा वर्षं झाली होती, तरी परडी भरायला बसलं की निकारेताला त्यांचा आवाज ऐकू येई. तिने सातू पाखडले, खडे वेचून काढले, परडीच्या तळाशी सुरी आडवी ठेवली आणि वर दाणे ओतले. काशाची सुरी, हाडाच्या मुठीची. तिचा मुलगा थेरोन ज्या गलबतावर गेला, त्याचा नायक दामास्तोर परत आला तेव्हा त्यानेच ती तिच्या हाती दिली होती. लुटीतला थेरोनचा वाटा.

एकोणीस जण गेले होते, आठ परतले. बाकीच्या अकरांना काळ्या खडकावरच्या चेटकिणीने काढा पाजून समुद्रावरचे कुरव पक्षी केलं, असं दामास्तोरने साऱ्या गावासमोर सांगितलं. त्याच दिवशी निकारेताने चुलीच्या राखेत हात घालून शपथ घेतली, की माझ्या लेकरावर जो हात पडला, तो मी माझ्या हाताने थंड करीन, मगच मातीआड जाईन. दामास्तोरने तिचा तो राखेचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. मी साक्षी आहे, मावशी, असं म्हणाला होता.

त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी ती किनाऱ्यावर उतरून कुरवांना सातू घाली आणि मगच पाण्याचा घोट घेई. त्यांतला एक तिचा होता. कोणता, ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून सगळ्यांनाच. शेजारच्या फानोचा दीर त्या अकरांतला. ती दारातून हाक मारून म्हणायची, माझ्या दिराला जास्त घालू नकोस गं, माणूस होता तेव्हाही आयतंच खायचा. आणि मग आत जाऊन डोळे पुसायची.

आज टेकडीवर दामास्तोर त्या अकरांच्या नावाने काळा मेंढा बळी देणार होता. यंदा परडी थेरोनच्या आईने धरावी, असा त्याचा निरोप होता. निकारेताचा कालपासून उपास होता. आधी किनारा, मग टेकडी, असं तिने मनाशी ठरवलं आणि ती डोक्यावरून पदर घेऊन उठली, तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आली. दारात थांबली नाही, सरळ चुलीपाशी जाऊन राखेत बसली.

चुलीपाशी बसलेल्या माणसाला नाव विचारायचं नसतं. आधी पाय धुवायचे, मग जेवू घालायचं. निकारेताने परडी खाली ठेवली. बाईच्या पायांना खडकांनी कापल्याच्या जुन्या खुणा होत्या आणि लुगड्याच्या काठावर मीठ साचलं होतं. निकारेताने पाय धुतले, सातूची भाकरी, बकरीचं चीज आणि चार सुके अंजीर पुढे ठेवले.

बाईने पहिला घास मोडला. तो तिने विस्तवात टाकला नाही. चुलीच्या डाव्या अंगाला, विस्तवापासून दूर, तिसऱ्या दगडावर ठेवला.

निकारेताच्या हातातला तांब्या कलला.

गावात सगळे गेलेल्यांच्या नावाचा पहिला घास विस्तवात टाकत. डाव्या दगडावर तो फक्त याच घरात जाई. सासूबाईंनी मरताना बजावलं होतं, की मला आगीतलं वाढू नका, जन्मभर तोंड भाजलंय. थेरोन तेव्हा चार वर्षांचा होता. आजीचा घास ठेवल्याशिवाय तो कधी जेवला नाही.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"जेवू द्या आधी," बाई म्हणाली. "मागाहून कदाचित देणार नाही तुम्ही."

ती सावकाश जेवली, अंजिराचं एक बी ताटात राहू दिलं नाही. मग तिने हात पुसले. आता नाव विचारायची रीत होती, आणि निकारेताने विचारलं.

"तुमच्या गावात मला काळ्या खडकावरची म्हणतात."

निकारेताचा हात आपोआप परडीत गेला. मनगटापर्यंत दाणे आले, बोटांना मूठ लागली. बाईने ते पाहिलं, पण ती जागची हलली नाही.

"त्याने सांगितलं होतं, आई रागीट आहे, पण आधी ऐकून घेते."

मग ती बोलत राहिली, खाली राखेकडे बघत. गलबत खडकाला लागलं तेव्हा अकरा जण तापाने फणफणत होते. वाटेत कुठलंसं साचलेलं पाणी प्यायले होते. तिने काढे दिले, हे खरं. चौथ्या दिवशी पहाटे वारा अनुकूल झाला, आणि दामास्तोरने आपल्या सात धडधाकट माणसांना घेऊन शीड उभारलं. ताप उतरलेला एकटा थेरोन. तो पोहत गेला. त्याने उजव्या हाताने गलबताचा काठ पकडला आणि सांगितलं, थांबा, बाकीचेही वाचतील. दामास्तोर म्हणाला, पाणी आठांनाच पुरेल. थेरोनने हात सोडला नाही. तेव्हा दामास्तोरने त्या हातावर कुऱ्हाड घातली.

"चार बोटं," बाई म्हणाली. "अंगठा तेवढा राहिला. जखम सडली. नऊ दिवस होता. बाकीचे त्याच्याआधी गेले, एकेक करून."

बाहेर किनाऱ्याकडून कुरवांचा कालवा ऐकू येत होता. त्यांची वेळ टळून गेली होती.

"म्हणजे तुम्ही त्यांना पक्षी नाही केलंत."

"मला झाडपाला कळतो, बाई. माणसाचा पक्षी करता आला असता, तर त्याला मी पक्षीच केलं असतं. उडत आला असता तो तुमच्याकडे." तिने डोळे वर केले. "आईला सांगा, वाट बघू नको म्हणावं, असा शब्द त्याने माझ्याकडून घेतला होता. तुमच्या बाजूचं गलबत खडकाजवळ आलं की त्यावरचे लोक लांबूनच दगड मारतात. चार वर्षं मला होडी मिळाली नाही."

निकारेताने परडीतून हात बाहेर काढला. हाताला सातूची धूळ लागली होती. ती चुलीपाशी वाकली, राखेत बोटं टेकवली आणि जुनी शपथ ओठातल्या ओठात पुन्हा म्हटली. मग तिने पाहुणीच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला.

"मागच्या दाराने ओढ्याओढ्याने जा. दुपारच्या आत होडी गाठा. निघण्याआधी चुलीत दोन लाकडं घाला, विझू देऊ नका."

"आणि तुम्ही?"

"मला परडी न्यायची आहे. बोलावणं आहे." दाराशी ती थांबली. "ते खालचे. नुसतेच पक्षी ना?"

"नुसतेच पक्षी."

"तरी भुकेले असतील. कोनाड्यातल्या मडक्यात सातू आहेत. जाता जाता टाका त्यांना."

अंगणात उजेडात आल्यावर तिने परडी कठड्यावर टेकवली, दाणे हलकेच बाजूला सारले आणि सुरी फिरवली. मूठ आता तिच्या बाजूला आली. त्यावर तिने दाणे पुन्हा पसरले, तळहाताने सारखे केले. काही दिसत नव्हतं.

फानो दारात धान्य निवडत बसली होती. "अगं, आज खाली नाही उतरलीस? पोरं ओरडून ओरडून जीव देताहेत."

"आज आधी वर."

टेकडीवर धूर दिसायला लागला होता. मेंढ्याच्या शिंगांना बांधलेल्या लोकरीच्या पांढऱ्या फिती इथूनही ओळखू येत होत्या, आणि त्याच्याजवळ उंच उभा दामास्तोर. त्याने तिला पाहिलं, हात वर केला. तिनेही मान लववली.

दोन कुरव चढणीपर्यंत तिच्या डोक्यावरून आले, घिरट्या घालून मागे वळले. तिने वर पाहिलं नाही. दाणे हलू नयेत म्हणून परडी दोन्ही हातांनी धरून ती जपून चालत होती.