खदानीशेजारची विहीर

लातूर जिल्हा झाला आणि आपल्याला अक्कल आली, असं गुरुबसप्पा स्वतःच सांगत सुटायचा. आली होती खरी, पण कसली, ते त्याच्या वहिनीच्या विहिरीला विचारा! नव्या कचेऱ्या आल्या, माणसं वाढली, तसा शहराचा कचराही वाढला. या शहाण्यानं आपली मुरमाची खदान नगरपालिकेला कचरा टाकायला भाड्यानं दिली.

"खड्डा फुकटात बुजतो, वर भाडं. पुढं प्लॉट पाडू!"

खदानीला लागूनच वहिनीची, कमलम्माची विहीर. दुष्काळात साऱ्या गावाच्या विहिरी आटल्या, हिला तेवढं पाणी होतं. ट्रॅक्टर दोन वर्षं कचरा ओतत राहिले. मग एक अवकाळी सर आली आणि मुरमातून काळं पाणी विहिरीत झिरपलं. नातीला हगवण लागली. भाडं दिराच्या खिशात, डॉक्टरचं बिल कमलम्माच्या पदरात. असल्या माणसाला दीर म्हणायचीही तिला शिसारी यायची.

"पाण्याला काय धाड भरलीय? तुमचं नाकच लई लांब, वैनी," तो वर म्हणायचा.

सोमवारी तो पालिकेच्या कारकुनाला घेऊन आला. खदानीचा करार वाढवायचा होता, आणि 'पाण्याची तक्रार नाही' या कागदावर शेजारणीचा अंगठा पाहिजे होता. सोमवारची लिंगपूजा थोरल्या घरी, म्हणजे कमलम्माकडं, करायची ही सासऱ्यानं लावलेली रीत, म्हणून आधी तो पूजेला बसला. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि पिशवीतून झाकणाचा तांब्या काढला. शहरातल्या नळाचं पाणी!

कमलम्मानं ते पाहिलं. तिनं विहिरीची घागर उचलून त्याच्यापुढं आदळली.

"भाऊजी, ह्या पाण्यानं पूजा करा. तीर्थ प्या. लगेच अंगठा देते."

कारकुनानं नाकाला रुमाल लावला. गुरुबसप्पाचा हात घागरीपर्यंत गेला आणि मागं आला.

"देवाला चांगलं पाणी लागतंय, वैनी," तो बोलून गेला.

"आन् माझ्या नातीला?"

कारकुनानं कागद गुपचूप घडी करून खिशात घातला. गुरुबसप्पानं पूजा न करताच लिंग गळ्यात घातलं आणि तांब्याकडं हात नेला.

"थू तुमच्या शहाणपणावर! निघा," कमलम्मा म्हणाली. "तांब्या तेवढा ठिवा. पोरगी सकाळपासून पाणी मागायलीय."