डेल्फिनाचा पहिला घोट

"आधी डेल्फिना, मग आपण," मालक उबाल्दो पाहुण्याला म्हणाले. "या घरची रीतच आहे. स्वयंपाकिणीनं चाखल्याशिवाय बाटली टेबलावर येत नाही."

मिलानहून आलेला व्यापारी कौतुकानं हसला. मोन्तेफाल्कोच्या या द्राक्षमळ्यातली साग्रांतीनो वाइन घ्यायची की नाही, हे तो आज जेवणाच्या टेबलावरच ठरवणार होता. मालकांना त्याची काळजी होती. डेल्फिनाला मात्र वेगळीच धास्ती होती. जानेवारीत आलेल्या तापानंतर तिचं नाक मेलं होतं. लसूण करपला तरी कळत नसे. गेले चार महिने सगळा स्वयंपाक हाताच्या सवयीवर चालला होता, आणि ती कुणाला एक अक्षर बोलली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिनं पेला नाकाशी नेला, चौतीस वर्षं मिटत होती तसे डोळे मिटले, मग घोट घेतला. डाळिंबाचं साल चावावं तशा हिरड्या आवळल्या. एवढं तिला अजून कळत होतं, आणि एवढ्याचाच तिला आधार होता.

"तळ्यातला मासा परत न्या," ती म्हणाली.

"अगं, खास मागवलाय!" मालक कळवळले.

"मासा खाऊन ही प्यायलात तर लोखंडी चावी चाटल्यासारखं लागेल. कोकराच्या बरगड्या आणते, चरबीसकट."

पाहुण्यानं आधी नुसता घोट घेऊन तोंड वाकडं केलं. मग बरगडीचा तुकडा खाऊन पुन्हा घेतला आणि बोटं चाटली. "बाई, तुमच्या जिभेला सलाम!"

मालकांची छाती फुगली. त्यांनी लगेच जुन्या सालातली दुसरी बाटली उघडली. डेल्फिनानं पुन्हा पेला नाकाशी नेला, चाखलं. हिरड्या झकास आवळल्या. तिनं मान डोलावली.

पाहुण्यानं पेला उचलला, हुंगला आणि न पिताच खाली ठेवला. मालकांची सून नीवेस पुढे झाली, तिनंही हुंगून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. भिजून कुजलेल्या पुठ्ठ्याचा वास. बूच खराब निघालं होतं.

"हे तुमच्या स्वयंपाकिणीनं पास केलं?" पाहुण्यानं थंडपणे विचारलं.

मालक पांढरेफटक पडले. नीवेसनं घाईघाईनं सावरायला पाहिलं. "मावशी, तुला सकाळपासून सर्दी आहे ना गं?"

नुसतं 'हो' म्हटलं की सुटका होती. डेल्फिनानं अ‍ॅप्रनला हात पुसले.

"सर्दी नाही. जानेवारीपासून मला वासच येत नाही. बूच वाईट निघालं, साहेब, बाकीच्या बाटल्यांना नावं ठेवू नका. चूक माझी."

"चार महिने?" मालकांचा आवाज चिरकला. "चार महिने तू मला फसवलंस?"

"फसवलं, मालक. हा पेला हातातून जाईल म्हणून फसवलं."

पाहुणा तिच्याकडे बघत राहिला. "मग मघाशी कोकराचं कसं कळलं?"

"तुरटपणाला वास कुठे असतो? तो हिरड्यांना कळतो. त्या अजून माझ्याच आहेत."

पाहुण्यानं खराब पेला बाजूला सारला. "याच सालातली आणखी एक उघडा."

मालकांनी बूच काढलं, पेल्यात थोडी ओतली आणि सवयीनं हात डेल्फिनाकडे नेला. अर्ध्या वाटेत तो थांबला. मग त्यांनी पेला सुनेपुढे धरला. डेल्फिनानं मान खाली घातली. तिला रडू येत होतं, पण ती जागची हलली नाही.

नीवेसनं पेला हुंगला. एकदा, मग पुन्हा एकदा. "चांगली आहे," ती हळूच म्हणाली आणि ओठ न लावता पेला डेल्फिनाच्या हातात दिला. "घोट तू घे, मावशी."

आता नाटकाची काहीच गरज उरली नव्हती. तरीही डेल्फिनानं पेला आधी नाकाशी नेला आणि क्षणभर वाट पाहिली. मग घोट घेतला.