चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेली लाल वाइन

मित्रांनो, मी हिरव्या काचेची एक जुनी बाटली आहे. एके काळी माझ्या पोटात सेंद्रिय द्राक्षांची लाल वाइन होती. लहानांनी लगेच तोंडं वाकडी करू नयेत. प्यायला कुणी बोलावत नाही, नुसतं ऐकायचं आहे.

माझी द्राक्षं विजापूरकडच्या एका मळ्यातली. त्यांना रासायनिक खत नाही की विषारी फवारा नाही. वाइन टिकावी म्हणून घालतात ते औषधही माझ्यात नावापुरतंच होतं. याचा मला केवढा तोरा! रामनगरच्या दुकानात तो पार उतरला. गिऱ्हाईक यायचं, जड बाटली आणि सोनेरी अक्षरं बघून दुसरीलाच घेऊन जायचं. माझ्या पाठीवरचा मजकूर कुणी वाचलाच नाही. आम्हाला आडवं ठेवायचं असतं, म्हणजे बूच ओलं राहतं. मी मात्र दोन वर्षं फळीवर ताठ उभी होते आणि माझं बूच सुकून गेलं.

मग एके दिवशी अणशी गावचे लखू आणि त्यांची मुलगी नेत्रा दुकानात आले. लखू रानातले शेतकरी, मुडली नावाचे कंद लावणारे. बेळगावात खाणावळ चालवणाऱ्या अंकिताबाई पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी येऊन मुडली लाल वाइनमध्ये शिजवून बघणार होत्या. चव पटली तर त्या साऱ्या वाडीचे कंद घेणार होत्या. नाही पटली, तर गिऱ्हाईक नसल्याने यंदाही निम्मे कंद कुजून जाणार होते. वाइनही सेंद्रियच हवी, असं त्यांनी बजावलं होतं.

नेत्राने माझ्या शेजारणीला उचललं. तिच्यावर ‘नैसर्गिक’ असं ठळक छापलं होतं.

“नुसतं लिवलंय बाबा. तपासणीचा नंबर न्हाई,” म्हणत तिने ती परत ठेवली. मग मला फिरवून सेंद्रिय मालाची हिरवी खूण, नंबर, मळ्याचं गाव, वर्ष, सगळं मोठ्याने वाचलं.

“म्हंजे आपल्यागतच पिकवल्यालं,” लखू म्हणाले. “जित्तं हाय ह्ये.”

त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. कुणीतरी मला वाचून निवडलं होतं. मित्रांनो, मला भरून आलं.

त्यांच्या घरात चुलीवर बांबूचा माळा होता. धुराने काळ्या झालेल्या त्या माळ्यावर भाताचं बी, नाचणीची कणसं, काकडीच्या आणि भोपळ्याच्या बिया होत्या. लखूंच्या आज्यापासून चालत आलेलं ते बियाणं. मी थक्क होऊन बघतच राहिले. माझ्या पाठीवर एक नंबर होता म्हणून मी मिरवत होते, आणि इथे एवढा जीव निमूटपणे पुढच्या पेरणीची वाट बघत होता. लखूंनी मला त्या बियाण्याशेजारी ठेवलं. त्या घरात याहून मानाची जागा नव्हती.

पण वाइनला ऊब सोसत नाही. पंधरा दिवस मी शेकत राहिले. सुकलेलं बूच सैल झालं, हवा आत शिरली.

अंकिताबाई आल्या. त्यांनी बूच काढून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. “आंबली हो ही. कुठं ठेवली होती?”

नेत्राचे डोळे भरले. लखूंनी वर बोट दाखवलं. “जित्तं तितंच ऱ्हातंय आमच्यात. माजंच चुकलं.”

अंकिताबाई मला बाजूला ठेवू लागल्या. तेवढ्यात लखूंच्या पत्नी गिरजा पुढे आल्या. “आंबलंय तर बरंच झालं की! मुडलीला आंबट लागतंय, न्हाईतर घसा खाजतोय. मी आमसूल घालनार हुते.” असं म्हणून त्यांनी मला सरळ भांड्यात उपडं केलं.

कंद शिजले, लालसर झाले. अंकिताबाईंनी एक घास खाल्ला, मग दुसरा, आणि ताट पुढे केलं. “गिरजाताई, अजून वाढा. आणि सोमवारी गाडी पाठवते. सगळ्या वाडीचे कंद भरा.”

मित्रांनो, आम्हाला घेताना रूप बघू नका, पाठ वाचा. घरी नेल्यावर थंड, अंधाऱ्या जागी आडवं ठेवा. आणि बिघडलो तरी फेकण्याआधी एखाद्या गिरजाबाईंना विचारा.

मी आता कुठे आहे? त्याच माळ्यावर, त्याच जागी. लखूंनी मला धुऊन, वाळवून माझ्यात नाचणीचं बी भरलं आहे. आता ही ऊब मला सोसते. पाऊस जवळ आला की ते मला खाली काढतील.